निहाली : उसने शब्द आणि भाषेचे कूळ

ज्या भाषेचे कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते सिद्ध करता येत नाही, तिला भाषाविज्ञानात एकाकी भाषा म्हणतात. पदव्युत्तर वर्गात हा भाग आला की विद्यार्थी युरोपातील बास्कचे उदाहरण देतात. मी त्यांना बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका दाखवतो. तेथे सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद मुंडा कुळातील कोरकूबरोबर झाली. निहाली लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेजारी राहिले, तिकडचे शब्दही त्यांनी विपुल घेतले. तेव्हा हे स्वाभाविकच होते. पण अंक पाहावेत तर दोनला ‘इरार’, चारला ‘नालो’. बेळगावच्या वाचकाला एरडु, नाल्कु आठवतील. हैदराबादच्या वाचकाला रेंडु, नालुगु. मग ही भाषा द्राविडी म्हणायची काय?

आपल्याच घरात पाहू. ‘अण्णा’, ‘अक्का’ हे इतके जवळचे शब्द कानडीकडून आले, तरी मराठी आर्यकुळातलीच राहते. हस्त-हात, सप्त-सात, कर्ण-कान या जोड्यांत जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. हा नियम शेकडो शब्दांत सापडतो. नाते ठरते ते अशा नियमावरून. नुसते साम्य उसनवारीनेही येते, योगायोगानेही.

निहालीतले उसने शब्द बाजूला काढले की डोळ्याला ‘जिकी’, पाण्याला ‘जोप्पो’ असे शब्द उरतात. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ च्या ग्रंथात सुमारे चौथाई शब्दांना कोठेच जुळणी नसल्याचे दाखवले. भाषेचा काही भाग मुद्दाम घडवलेली सांकेतिक बोली असावा, अशी शंकाही त्यांनी घेतली. मला ती फारशी पटत नाही. गुप्तता राखायची तर माणसे व्यवहारातले मोजके शब्द बदलतात. डोळा आणि पाणी कशाला लपवतील?

१९७१ पासून जनगणना दहा हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे देत नाही, त्यामुळे निहालीचा अधिकृत आकडा मिळत नाही. तालुक्यात शाळेची आणि कचेरीची भाषा मराठी आहे. निहालीवरचा दाब कोरकूइतकाच आपल्या भाषेचाही आहे. नियम शोधायला शब्द पुष्कळ लागतात, आणि त्यांतले जे कोणाला येत नाहीत असे होईल, ते मागाहून कोणत्याही कोशातून काढता येणार नाहीत.