वाचक थोडे, पण गिऱ्हाईक खरं

अगं, सकाळी उठल्या उठल्या ब्लॉगवरच्या गूगलच्या जाहिरातींचा, म्हणजे अ‍ॅडसेन्सचा आकडा बघायची सवय आधी सोड. काल चार सेंट, परवा दोन, असं मोजत बसलीस तर महिन्याभरात तुझं लिहिण्यावरून मन उडेल. आणि कोथरूड, सिंहगड रोडवरच्या ज्या बायका तुझा बागकामाचा ब्लॉग वाचून गच्चीत मिरच्या-टोमॅटो लावतात, त्यांचं नुकसान होईल. चल, आज जरा हिशेबच मांडू.

या धंद्यात उत्पन्न हजार पानांमागे मोजतात. म्हणजे तुझी पानं हजार वेळा उघडली गेली की हाती काय आलं. समज, तुला हजारामागे अर्धा डॉलर सुटतो आणि रोज १०० वेळा पान उघडलं जातं. मग पहिले १० डॉलर व्हायलाच २०० दिवस लागतील. गूगल पैसे सोडतं ते १०० डॉलर साठल्यावर. त्यासाठी पान २ लाख वेळा उघडायला हवं, म्हणजे २ हजार दिवस, जवळजवळ साडेपाच वर्षं! यात तुझ्या लेखणीचा काही दोष नाही गं. हा गर्दीचा धंदा आहे आणि तुझ्याकडे गर्दी नाही, इतकंच.

त्यातून आपण लिहिणार मराठीत. अ‍ॅडसेन्स निघालं २००३ मध्ये, हिंदीला त्यात जागा मिळाली २०१४ मध्ये आणि मराठीची पाळी यायला २०१८ उजाडलं. जागा मिळाली, तरी भाव मिळतोच असं नाही. प्रत्येक जाहिरातीच्या जागेसाठी लिलाव लागतो, आणि बोली किती चढणार ते वाचणारी कुठे बसली आहे, कुठल्या भाषेत वाचते आहे, काय विकत घेऊ शकते यावर ठरतं. तोच लेख न्यू जर्सीतल्या मराठी बाईने वाचला तर बहुधा जास्त मिळतात, वारज्यातल्या बाईने वाचला तर कमी. दसरा-दिवाळीत बोली वाढते, नंतर पडते. म्हणून एखाद्या महिन्याच्या आकड्याने हुरळू नकोस आणि खचूही नकोस.

आणखी एक, अगदी कानात सांगते. आई, आत्या, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कुणालाही "जरा जाहिरातीवर क्लिक करा ना" असं म्हणू नकोस. स्वतः तर मुळीच करू नकोस. गूगलच्या ते लक्षात येतं, खातं बंद होतं आणि साठलेली कमाईही हातची जाते. शिवाय २०२४ पासून अ‍ॅडसेन्सने क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मोजायला सुरुवात केली आहे. त्यामुळे ओळखीच्यांच्या क्लिकने फायदा तर नाहीच, नसती आफत मात्र येईल.

म्हणून म्हणते, अ‍ॅडसेन्स राहू दे, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. ऑटो अ‍ॅड्समध्ये गूगल आपोआप टाकतं त्या जाहिरातींची संख्या कमी कर. दर दोन परिच्छेदांनंतर चरबी घटवायच्या गोळ्या दिसल्या की वाचणारी पळून जाते. नको असलेले प्रकार सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात, ते करून टाक.

नावाचं आजच बघ. खात्यावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं आणि पॅनवर तिसरंच, असा घोळ आपल्या घरोघरी असतो. गूगलला दिलेलं नाव आणि बँकेतलं नाव जुळायला हवं. १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला गूगल साध्या टपालाने सहा आकडी पिन पाठवतं. पत्र यायला दोन ते चार आठवडे लागतात. पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो टाकला नाही तर जाहिराती थांबतात. तेव्हा पत्त्यात विंगचं अक्षर, फ्लॅट नंबर, पिनकोड सगळं नीट लिही आणि वॉचमनलाही सांगून ठेव. नाहीतर तो लिफाफा रद्दीत जायचा.

आता खरी गोष्ट ऐक. तुझ्या १०० वाचकांची गूगलला किंमत नसेल, पण मांजरी-हडपसरकडच्या एखाद्या रोपवाटिकेला आहे! त्यांतल्या बहुतेक जणी पुण्यातल्याच आहेत, त्यांना कोकोपीट हवंय, शेणखत हवंय, पालक-मेथीचं बी हवंय आणि ते घरपोच हवंय. दुकानदाराला लाख माणसं कशाला हवीत? त्याच्याकडे येऊ शकतील अशी दहा गिऱ्हाईकं मिळाली तरी तो खूश.

हे काही नवीन नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दिवाळी अंकांची रीत आहे. आजही कितीतरी दिवाळी अंकांचा खर्च नुसत्या विक्रीतून निघत नाही, तो निघतो जाहिरातींतून. आणि जाहिराती कुणाच्या असतात? गावातला सराफ, सहकारी बँक, साड्यांचं दुकान, मसालेवाले. यांतलं कुणी लिलावात येत नाही. संपादक दरपत्रक घेऊन दारोदार फिरतो: मलपृष्ठाचा इतका, आतल्या पानाचा इतका, अर्ध्या पानाचा इतका. तूही तेच कर.

एका कागदावर तुझं दरपत्रक मांड. लेखाच्या वर एक पट्टी, तिचा महिन्याचा दर. लेखाच्या शेवटी चौकट, तिचा थोडा कमी. तीन महिन्यांची एकदम घेतली तर सवलत. त्याखाली वाचक किती, त्यांतले पुण्यातले किती, कुठले लेख जास्त वाचले जातात, हे खरं खरं लिही. गूगलच्या अ‍ॅनॅलिटिक्समध्ये शहरवार आकडे मिळतात. फुगवून सांगू नकोस. समज, तीन दुकानांनी महिन्याला ५००-५०० दिले तर १,५०० रुपये झाले. त्यात वर्षाचं डोमेन सुटून वर बी-बियाण्याचा खर्चही निघेल.

दुकानदार विचारणारच, "ताई, आम्हाला फायदा काय?" तोंडाने समजावत बसू नकोस, मोजून दाखव. तुझ्या ब्लॉगचं नाव सांगेल तिला कोकोपीटच्या विटेवर थोडी सूट, असं ठरव. महिनाअखेरीस किती जणी नाव सांगून गेल्या ते त्याच्याच वहीत दिसेल. आठ जणी दिसल्या तर पुढच्या महिन्याचे पैसे तो आपणहून देईल. एकही दिसली नाही तर तूच म्हण, "पुढचा महिना माझ्याकडून." पुण्यात असा शब्द पाळलास तर तो दुसऱ्या दुकानदारालाही तुझं नाव सांगेल.

दुकानदारांकडे जायचं ते हंगाम बघून. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सगळ्यांना माती-खत विकायचं असतं. दुसरी वेळ जानेवारीतली. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरतं आणि अर्ध्या पुण्याला झाडं घ्यायची हुक्की येते. त्याच्या महिनाभर आधी थंडीतल्या फुलझाडांवर लेख टाकून ठेव.

वाचक वाढवायचे तर लोक खरोखर शोधतात त्यावर लिही. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी मिळकतकरात सवलत देते, एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. ती मिळवायला काय काय लागतं, हे सोसायटीच्या चिटणीसाला कळेल अशा भाषेत एकदा लिहून बघ. कवितेसारख्या गुलाबाच्या लेखापेक्षा तो लेख वर्षानुवर्षं चालेल. आणि तो वाचायला येणारा माणूस खत, पिंप, पॅनल काही ना काही घेणाराच असतो.

पैसे घेऊन लिहिलंस तर तसं वर स्पष्ट लिही, "ही जाहिरात आहे." ते आता नुसतं सभ्यपणाचं राहिलं नाही. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये तसे नियम केले, आणि फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. फुकट आलेली कुंडीसुद्धा सांगायची. दुकानाची लिंक पैसे घेऊन दिलीस तर तिला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण कर, नाहीतर गूगलच्या शोधात तुझाच ब्लॉग मागे पडेल. आणि आलेला प्रत्येक रुपया विवरणपत्रात दाखव.

पुढेमागे स्वतःचंही काही विकायला काढ, घरच्या बियांच्या पुड्या, रविवारची कार्यशाळा. यूट्यूबवर लाखो प्रेक्षक असलेल्या मधुराज रेसिपीनेही स्वतःचे मसाले बाजारात आणलेच ना?

तर या रविवारपर्यंत दरपत्रक करून मला पाठव. ज्या रोपवाटिकेतून तू स्वतः रोपं घेतेस, तिथे पहिली जा. आणि ५०० हवे असतील तर ७०० सांग बाई, घासाघीस केल्याशिवाय आपल्याकडे कुणी पैसे काढत नाही.