गावची मोकळी जमीन : सोपवणूक आणि जबाबदारी

शासनाच्या मालकीची, परंतु शासकीय कामासाठी न लागणारी जमीन गावाच्या उपयोगी पडावी, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. मात्र अशी जमीन ग्रामपंचायतीकडे आली म्हणजे ती पंचायतीच्या मालकीची झाली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये, जी जमीन इतर कोणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची असते. कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी अशी जमीन गुरचरण, गावठाण, स्मशानभूमी, बाजार यांसारख्या प्रयोजनांसाठी राखून ठेवू शकतात. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ५१ याच्या पुढे जाते. त्यानुसार राज्य शासन मोकळ्या जागा, पडीक व गुरचरण जमिनी, विहिरी, तलाव आदी मालमत्ता पंचायतीकडे निहित करू शकते. परंतु त्यासाठी शासन शर्ती घालू शकते. आणि सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यकता भासल्यास अशी जमीन परत घेण्याचा अधिकारही शासनाने राखून ठेवला आहे. सारांश, पंचायत ही मालक नसून विश्वस्त आहे.

मग पंचायतीने अशा जमिनीवर खर्च का करावा, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचे उत्तर त्याच कलमात आहे. जमीन परत घेताना पंचायतीने केलेल्या सुधारणांची भरपाई द्यावी लागते. म्हणूनच बांधबंदिस्ती, वृक्षलागवड, विहीर यांवरील खर्चाचा चोख हिशेब ठेवणे अगत्याचे आहे.

खरा धोका असतो तो अतिक्रमणाचा. पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या निर्णयात, गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा ताबे दूर करण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. परंतु हद्दच ठाऊक नसेल तर अतिक्रमण सिद्ध कसे करणार? याकरिता प्रत्येक पंचायतीने सरकारी जमिनींची नोंद असलेला गाव नमुना १-ब व अतिक्रमणांची नोंद असलेला नमुना १-ई पाहावा, मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात आणि ही माहिती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी.

ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या दोन शेळ्या याच गायरानावर चरतात. हे गायरान गेले, तर पहिली झळ त्यालाच लागते. ही जाणीव ठेवून कारभार झाला, तरच सोपवणुकीचे सार्थक होईल.