पिलांच्या उबेसाठी थर्मोस्टॅट



नाताळच्या आगेमागे आपल्या बेळगाव-खानापूर भागात पहाटेची थंडी १५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उतरते. मोठ्या कोंबडीला तिचे काही वाटत नाही, तिच्या अंगावर पिसे असतात. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाच्या अंगावर नुसती मऊ लव असते आणि अंगची उष्णता राखण्याची शक्तीही त्याला अजून आलेली नसते. आई असेल तर ती पंखाखाली घेते. यंत्रात उबवलेली गिरिराजासारख्या जातीची पिले आपण आणतो, तेव्हा आईचे ते काम आपल्यालाच करावे लागते.

पहिल्या आठवड्यात पिलाला ३५ अंश (म्हणजे ९५ फॅरनहाइट) ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करायचे: ३२, २९, २६. तोपर्यंत पिसे येतात. पण आपल्याकडे दुपारी ३० अंश आणि रात्री १५ अंश अशी तफावत असते. एकाच उंचीवर टांगलेला दिवा दुपारी पिले भाजतो आणि पहाटे अपुरा पडतो. म्हणून घरातल्या कोणाला तरी रात्री दोनदा उठून दिवा वर-खाली करावा लागतो. (बहुधा घरातल्या बाईलाच, हे पुरुषांनी ध्यानात घ्यावे.)

थर्मोस्टॅट हे उठणे वाचवतो. जुन्या उबवणी यंत्रांत इथर भरलेली पितळेची चपटी डबी असे. गरम झाली की ती फुगे आणि बटण दाबून वीज तोडे. आता आकडे दाखवणारी छोटी पेटी मिळते. तिला एक लांब वायर असते आणि वायरीच्या टोकाला धातूची नळी. ही नळी ऊब ओळखते, पेटी दिवा लावते आणि बंद करते.

सगळी गोम त्या नळीच्या जागेत आहे. पहिल्या खेपेला मी ती दिव्याच्या अगदी खाली बांधली होती. दिवा लागला की नळी क्षणात तापे, पेटीवर ३५ दिसे आणि दिवा बंद होई. आकडा बरोबर दिसतो म्हणून मी निर्धास्त झोपलो. खाली तुसावर मात्र गारवाच होता. सकाळी पाहतो तो पिले कोपऱ्यात एकावर एक चढलेली, आणि खालची गुदमरून मेलेली. थंडीने थेट मरण्यापेक्षा अशी दडपून मरणारी पिलेच अधिक. १०० पिलांतली ३७ त्या एका रात्रीत गेली.

तेव्हा नळी पिलाच्या पाठीच्या उंचीवर, तुसापासून सुमारे २ इंच वर आणि छत्रीच्या कडेशी बांधावी. थेट दिव्याखाली नको, दाराच्या वाऱ्यातही नको. पिले तिला चोच मारतात, म्हणून भोवती जाळीचा तुकडा लावावा.

पेटीत दोन आकडे भरायचे असतात. दिवा लागण्याचा ३४ आणि बंद होण्याचा ३५. हे उलट भरले तर काही पेट्या पंख्याच्या कामाला लागतात, म्हणजे गरम झाले की चालू! दिवा जोडून एकदा पाहिल्याशिवाय पिले आत सोडू नयेत. पेटीचा आकडा खरा आहे का, हे पाहायला घरचा ताप मोजायचा थर्मामीटर चालतो. अंगाला सोसवेल असे कोमट पाणी घेऊन त्यात नळी आणि थर्मामीटर शेजारी धरावेत. दोन्हींत फरक आला तर तेवढा हिशोबात धरावा. पिले येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दिवे चालू ठेवावेत, म्हणजे तूस आणि जमीन तापलेली असते.

पिलामागे साधारण २ वॅट धरा. १०० पिलांना १०० वॅटचे दोन दिवे लावावेत. एकच मोठा दिवा नको, तो उडाला तर सगळेच गेले. दिवे जुन्या तारेचे हवेत. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. रात्रभर दिवे एकदाही बंद झाले नाहीत तर ऊब अपुरी आहे असे समजावे आणि गोणपाटाचे पडदे लावावेत किंवा दिवा वाढवावा. दर मिनिटाला लागत-विझत असतील तर नळी दिव्याच्या फार जवळ आहे.

दिवा वायरीवर न टांगता साखळीवर टांगावा आणि होल्डर चिनी मातीचा घ्यावा. तूस कोरडे असते, दिवा पडला तर खुराडे पेटते. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

वीज गेली की थर्मोस्टॅटही गेला. गरम पाण्याचे डबे गोणपाटात गुंडाळून पिलांमध्ये ठेवावेत. कोळशाची शेगडी ठेवायची असेल तर वरची खिडकी उघडी हवीच, कारण कोंडलेल्या धुरातला विषारी वायू पिलांसह माणसालाही मारतो. वीज परतल्यावर पेटीतले आकडे टिकून राहतात का, हे आधीच एकदा प्लग काढून पाहावे.

आणि पेटी काहीही सांगो, झोपण्यापूर्वी पिलांकडे एक नजर टाका. दिव्याखाली गर्दी असली तर थंडी आहे. दूर पळून चोच उघडून धापा टाकत असली तर उष्णता जादा आहे. सगळी एकाच बाजूला असली तर दुसरीकडून वारा येतो आहे. सगळीकडे विखुरलेली, काही खाणारी तर काही झोपलेली दिसली की खुशाल जाऊन झोपा.

चौथ्या आठवड्यानंतर पेटी उतरवून कोरड्या फडक्याने पुसावी आणि पिशवीत बांधून ठेवावी. मुंग्या आणि पाली आत शिरल्या की पुढच्या खेपेला ती चालत नाही.