असईचें पदक

आपल्या उदगीरास लढाईचें नांव नवें नाहीं. १७६० सालीं मराठे व निजाम यांचा संग्राम येथेंच झाला. पुढें याच मराठवाड्यांत, जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दुसरें घनघोर युद्ध झालें. एका बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूस जनरल वेलस्ली, जो पुढें वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून गाजला. इतिहास शिकवितांना आम्हीहि पुष्कळ वर्षें अशीं सेनापतींचींच नांवें पाठ करवून घेतलीं. आज साध्या शिपायाकडे पाहूं.

या युद्धाची साक्ष देणारें एक रुप्याचें पदक आहे. त्याच्या एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचें मुख, दुसरीवर विजयदेवता व १७९९ ते १८२६ हीं वर्षें आहेत. फीत फिकट निळी. प्रत्येक लढाईसाठीं तिजवर एकेक रुपेरी पट्टी. कोणावर असईचें नांव, कोणावर कोरेगांवचें. कडेवर शिपायाचें नांव व त्याची पलटण.

त्याचें आयुष्य कसें होतें? शिडाच्या जहाजांतून पांचसहा महिने प्रवास करून तो येथें येई. रोजमुरा एक शिलिंग, आणि त्यांतूनहि कपात होई. नोकरी बहुधा जन्मभराची. अपराधास चाबकाचे फटके. ही शिक्षा त्या सैन्यांत १८८१ पर्यंत चालली. शत्रूच्या गोळ्यांपेक्षां ताप, हगवण व पटकी यांनींच अधिक शिपाई नेले.

असईस वेलस्लीचीं पंधराशेंहून अधिक माणसें कामास आलीं किंवा जायबंदी झालीं. एकट्या ७४ व्या स्कॉटिश पलटणींत सुमारें पांचशेंपैकीं जवळजवळ चारशें. मग पदक मिळालें कोणास? तें मंजूर झालें १८५१ सालीं, म्हणजे लढाईनंतर ४८ वर्षांनीं, आणि तेंहि हयात असलेल्यांसच. विशींत लढलेला तरुण तेव्हां अडुसष्ट वर्षांचा म्हातारा झाला होता. जे रणांत पडले, जे मध्यंतरीं वारले, त्यांस कांहींच नाहीं. कंपनीच्या हिंदी शिपायांच्या वांट्यास हीं पदकें फारच थोडीं आलीं. शिंद्यांचे गोलंदाज तर तोफा न सोडतां जागच्या जागीं मेले. त्यांच्यासाठीं पदक कोणी पाडलेंच नाहीं.

तेव्हां मुलांनो, पदक खोटें बोलत नाहीं. पण तें सर्व सांगतहि नाहीं. ऐतिहासिक वस्तु हातीं आली कीं दोन प्रश्न विचारावे: ही कोणास मिळाली? आणि कोणास मिळाली नाहीं? पहिल्याचें उत्तर पदकाच्या कडेवर सांपडतें. दुसऱ्याचें शोधण्यासाठींच इतिहास शिकावयाचा.

पालकांस एक विनंति. घरांत एखादें जुनें पदक असल्यास तें चिंच व राख लावून घासूं नये. झळाळी येते, परंतु कडेवरील नांव झिजून जातें. आणि त्या शिपायाची तेवढीच एक खूण उरलेली असते.