दोन नियम आणि एक न सुटलेला प्रश्न

या पाठात आम्ही गणितातील एक प्रश्न घेत आहोत. त्यावरचे बरेच काम येथे हैफात, टेक्निऑनमध्ये झाले आहे.

लग्न जमविण्याचे उदाहरण घेऊ. पाच मुलगे, पाच मुली, आणि कोणाचे कोणाशी जमू शकते याची यादी. कितीही खटपट केली तरी तीनच लग्ने जमतात. चौथे होणे नाही, हे आईबापांना पटवावे कसे? हंगेरीचे डेनेश केनिग यांनी १९३१ साली दाखविले की, अशा वेळी तीन माणसे अशी सापडतातच की यादीतल्या प्रत्येक जोडीत त्यांपैकी एक तरी असते. मग चौथे लग्न येणार कोठून?

येथे नियम दोन आहेत: मुलाला एकच बायको, मुलीला एकच नवरा. अशा नियमांची सर्वसाधारण रचना म्हणजे ‘मॅट्रॉइड’. हे नाव हॅस्लर व्हिटनी यांनी १९३५ साली दिले. तिची खूण अशी: नियमात बसणाऱ्या समूहातून काही काढले तरी उरलेला समूह बसतो, आणि असे दोन समूह लहानमोठे असले, तर मोठ्यातली एखादी वस्तू लहानात नियम न मोडता घालता येते. मर्यादित वस्तूंवरील कोणत्याही दोन मॅट्रॉइडांसाठी केनिगसारखे प्रमेय जॅक एडमंड्स यांनी दिले. ते १९७० मध्ये छापले गेले.

आता मुलगे अनंत, मुलीही अनंत. पहिल्याचे फक्त पहिलीशी जमते, दुसऱ्याचे दुसरीशी, असेच पुढे. सम क्रमांकांचीच लग्ने लावली तरी ती अनंत, आणि अर्धे मांडव ओस! नुसती मोजणी येथे फसवते. म्हणून मागणी बदलावी लागते: लागलेल्या प्रत्येक लग्नातून एकच माणूस, नवरा किंवा नवरी, असा निवडा की यादीतल्या प्रत्येक जोडीत निवडलेले कोणीतरी असेल. हे नेहमी साधते, असे टेक्निऑनचे रॉन अहरोनी यांनी १९८४ साली सिद्ध केले.

इंग्लंडचे नॅश-विल्यम्स यांचा तर्क याहून मोठा आहे. ज्या मॅट्रॉइडांत प्रत्येक मर्यादित तुकडा बसला की सारा समूह बसतो, असे कोणतेही दोन घ्या. दोन्ही नियमांत बसणारा एक समूह असा मिळेल की त्याचे दोन भाग करता येतील, आणि बाहेर राहिलेली प्रत्येक वस्तू एकतर पहिल्या भागामुळे पहिल्या नियमाने अडेल, नाहीतर दुसऱ्यामुळे दुसऱ्याने.

अहरोनी व रान झिव यांनी १९९८ मध्ये यातला एक खास प्रकार सोडविला. वस्तूंना एक, दोन, तीन असे क्रमांक देता येत असतील, तर तर्क खरा आहे, हे अटिला यो यांनी सिद्ध केले. त्यांचा लेख २०२१ चा. पण रेषेवरच्या बिंदूंप्रमाणे वस्तू क्रमांकात मावतच नसतील, तर? तेथे लग्नांचा प्रश्न सुटला आहे, मॅट्रॉइडांचा अजून नाही.