नागफणीचा वारा आणि तुझा आवाज

अगं, भीमाशंकरला नागफणीवर काढलेल्या व्हिडिओत धुकं काय सुरेख आलंय! पण तू काय बोललीस ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही, नुसता भरारा वारा. आणि आता नवीन कॅमेरा घेते म्हणतेस? थांब जरा. आधी ताईचं ऐक, मग पैसे मोड.

दोष कॅमेऱ्याचा नाही, अंतराचा आहे. उघड्यावर माईक बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब गेला की आवाज सहा डेसिबलने पडतो. वारा मात्र तेवढाच राहतो. लाखाचा कॅमेरा दहा फुटांवर उभा केलास तरी त्याला तेच ऐकू येणार. म्हणून माईक तोंडाजवळ आण. तारेचा साधा कॉलर माईक पुरतो. बोयाचा बीवाय-एम१ घेतलास तर सहा मीटर वायर मिळते, मोबाइल आणि कॅमेरा दोन्हीला चालतो, फक्त त्याचं बटण योग्य बाजूला हवं. हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव. ओढणी आणि रेनकोट त्याला घासू देऊ नकोस. रेनकोटची सळसळ नंतर कशानेही निघत नाही.

तेवढेही पैसे नसतील तर घरातला जुना मोबाइल घे. त्यावर रेकॉर्डिंग चालू करून तो छातीशी धर, फ्रेमच्या जरा बाहेर. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव. नंतर त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचे. फुकटात काम होतं.

आता वारा. माईकवरचा काळा स्पंज घरात ठीक. कड्यावर त्याचा उपयोग नाही. वारा माईकच्या तोंडावर थेट आदळतो, तो अडवायला केसाळ टोपी लागते, दुकानात तिला डेडकॅट म्हणतात. घरी लांब केसांच्या कापडाची शिवलीस तरी चालेल. मात्र कापडातून फुंकर आरपार जायला हवी, नाहीतर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. पावसात केस चिकटले की झटकून वाळव. आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा गं, याला तर काहीच खर्च नाही! उरलेली घरघर ऑडॅसिटीमध्ये ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापून कमी होते. संगणकावरचं ते सॉफ्टवेअरही मोफत आहे.

देवळापाशी वेगळीच गंमत. चिमाजी अप्पांनी १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे. मोबाइल शांततेत आवाजाची पातळी आपोआप चढवतो, मग अचानक टोल पडला की सगळं फाटतं. ॲपमध्ये पातळी हाताने ठरवता येत असेल तर मोठ्यातला मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेव. एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. म्हणून तिथेच इअरफोन लावून ऐकायचं, घोडेगावला उतरल्यावर नाही.

आणखी एक. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर कुणीही न बोलता नुसतं रान रेकॉर्ड कर. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. तुझ्या बोलण्यातले सांधे त्या आवाजाने झाकले जातात, पार्श्वसंगीत विकत घ्यावं लागत नाही. पण पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवू नकोस. १९८५पासून हे अभयारण्य आहे, शेकरूचं आणि त्याचंही घर आहे.

तर कॅमेरा यंदा राहू दे. माईक, टोपी घे, आणि पुढचा व्हिडिओ संगीत चढवण्याआधी मला पाठव.