पुरावा म्हणजे कागदच असतो का? (इयत्ता आठवी, नागरिकशास्त्र: न्यायव्यवस्था)



आठवीच्या वर्गावर न्यायव्यवस्था शिकवत होतो. तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतची उतरंड फळ्यावर काढून झाली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, आमच्या आज्याचा दावा नामंजूर झाला. पुरावा नाही म्हणून. पुरावा म्हणजे कागदच असतो का?"

खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन कायदा काढून बसलो. एक दिवस म्हणता म्हणता त्यात पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण हा प्रश्न एका मुलीचा नाही.

माझी शाळा कळमनुरी तालुक्यात आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात आंध आदिवासींची वस्ती मोठी, म्हणूनच कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. पण आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. शेजारच्या नांदेडमधला किनवटचा भाग येतो, आपला नाही. त्यामुळे 1996 चा पेसा कायदा इथे लागू नाही. यावरून आपल्याकडे एक गैरसमज पसरला आहे, शिकलेल्या माणसांतही: पेसा नाही म्हणजे ग्रामसभेला जंगलाच्या बाबतीत काही अधिकारच नाहीत. तसं नाही. 2006 चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, तो आपल्याकडेही लागू आहे. दावा ग्रामसभेकडेच करायचा. ग्रामसभेची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. आदिवासी कुटुंबाने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवायचं. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हक्क जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. ही जमीन वारसाने मुलांकडे जाते, विकता मात्र येत नाही.

आता पुराव्याचं. नियमावलीतला तेरावा नियम प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावा. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती यांचा उल्लेख त्यात आहेच. पण त्याच यादीत बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी, जुनी विहीर, स्मशानभूमी, देवाची जागा हेही आहे. वंशावळ आहे. जुन्या संस्थानी राजवटींच्या दप्तरातली नोंद आहे. आपण निजामाच्या राज्यातले, त्यामुळे आपल्याकडे हे दप्तर बहुतेक उर्दूत. ते वाचणारा माणूस गाठावा लागतो, पण कागद उर्दूत आहे म्हणून तो रद्दी होत नाही. यादीच्या शेवटी आहे गावातल्या वयस्क माणसाचा जबाब, लिहून घेतलेला. अट एकच: तो माणूस स्वतः दावेदार नसावा.

यादीतले एकाहून अधिक पुरावे लागतात. पण 2012 च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. पूर्वी वनखात्याने केलेल्या दंडाची पावती कुणाकडे नसेल, तर तेवढ्या एका कारणावरून दावा फेटाळता येत नाही. उपग्रहाचं चित्र जोडीला घेता येतं, बाकीच्या पुराव्यांच्या जागी नाही. आणि नामंजूर करताना कारणं लेखी कळवावी लागतात. त्या मुलीच्या घरी आलेल्या कागदावर 'पुराव्याअभावी' एवढा एकच शब्द होता.

हे नियम कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. त्यामागे ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरच्या वारली आणि इतर आदिवासींची कोर्टकचेरी आहे. कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभू यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुद्दा हाच होता की वर्षानुवर्षं जंगलातली जमीन कसणाऱ्याकडे सरकारी कागद असणार कुठून? ज्या खात्याने त्याला अतिक्रमणदार म्हटलं, ते खातं त्याला ताब्याचा दाखला कशाला देईल? त्या लढ्यानंतर 2002 मध्ये राज्य शासनाने दाव्यांच्या चौकशीत गावाला सहभागी करून घेतलं आणि तोंडी पुरावाही धरायचं मान्य केलं. चार वर्षांनी देशाचा कायदा आला.

मुलांना सांगायला कॅनडातली एक हकिकत फार चांगली आहे. तिथल्या गित्क्सन आणि वेट्सुवेटेन लोकांनी आपल्या भूमीसाठी दावा लावला. त्यांच्याकडे खरेदीखत नव्हतं. पूर्वजांच्या कथा होत्या, गाणी होती. एका म्हाताऱ्या बाईंनी भर कोर्टात आपल्या घराण्याचं गाणं म्हटलं. न्यायाधीशांनी, गाण्यातलं आपल्या कानाला काही कळत नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि 1991 मध्ये दावा फेटाळला. 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: तोंडी इतिहासालाही पुरावा म्हणून स्थान द्यावं लागेल आणि खटला पुन्हा चालवावा. वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "मग त्या आजीला जमीन भेटली का?" लगेच भेटली नाही. हेही सांगावं लागतं.

आपल्याच राज्यात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्यांपैकी एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. तो ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडलं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरिया कोंध लोकांच्या हक्कांचा आणि त्यांच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ठिकाणी खाणीला नकार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या 'ग्रामसभा' या शब्दाचं वजन मुलांना कळायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

उलट बाजूही आहे. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना वनजमिनीवरून काढा. देशभर लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि दावे नीट प्रक्रियेने फेटाळले का, याची माहिती राज्यांकडून मागवली गेली. म्हणजे 'पुराव्याअभावी' या एका शब्दावर घर उठण्याची पाळी आली होती.

म्हणून आता वर्गातल्या उपक्रमाबद्दल सांगतो. आम्ही तीन गोष्टी केल्या. मुलांनी आपापली वंशावळ काढली, खापरपणजोबापर्यंत जमेल तशी. गावाचा नकाशा काढला. त्यात सातबारा नसलेल्या जागाही घेतल्या: देवाचं झाड, मसनवटा, गुरांची वाट, मोहाची झाडं, पडकी विहीर. आणि आजी-आजोबांना बोलतं केलं.

तिसऱ्या कामात मुलं अडली. म्हाताऱ्या माणसांना साल सांगता येत नाही. "लई दिवस झाले" एवढंच. मग आम्ही फळ्यावर खुणा लिहिल्या: रझाकाराचा काळ आणि पोलीस ॲक्शन (1948), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (1993). प्रश्न असा विचारायचा: बहात्तरला हे वावर वाहत होते का? तेव्हा बांध होता का? कोण राबत होतं? एवढं विचारलं की साल आपोआप सापडतं. आमच्या गावातल्या एका आजीबाईंनी सांगितलं, "भात्तरच्या सालात त्या वावरातल्या चिंचंखाली आमी भाकरी खाल्ली. त्याचा बाप तवा बांध घालत व्हता." चिंच अजून उभी आहे. पोरं पळत जाऊन तिच्या बुंध्याचा घेर दोरीने मोजून आली.

एक सावधगिरी. मुलांची वही हा पुरावा नाही आणि मुलांना भांडणात ओढू नये. एखाद्या घराचं वावर शेजाऱ्याशी वादात असेल तर तो भाग वर्गात काढूच नका. वहीतून काय विचारायचं ते कळतं, बस. खरा जबाब मोठ्या माणसांनी लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, सही-अंगठा घ्यायचा, वनहक्क समितीपुढे ठेवायचा. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. पालकहो, नामंजुरीचा कागद आला की तो कधी मिळाला ती तारीख आधी त्याच्या मागे लिहून ठेवा. आमच्याकडे कागद हाती येऊन बेचाळीस दिवस झाले होते, तेव्हा कुठे कुणीतरी तारीख मोजली.

त्या मुलीचे आजोबा सगळं सांगायला तयार होते. पण ते दावेदार, म्हणून वयस्क माणसाचा जबाब हवा तो दुसऱ्याचा. मुलगी माझ्यावर चिडली. "म्हणजे वावर आज्यानं केलं आणि बोलायचं दुसऱ्यानं?" मी म्हटलं, आजोबांचं म्हणणं दाव्यात येतंच, साक्ष मात्र शेजाऱ्याची लागते. तिला हे फारसं पटलेलं दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच चिंचेखालच्या आजीबाईंकडे गेली आणि त्यांना ग्रामसभेला यायचं कबूल करवून आली. जबाब लिहून झाला, अंगठा झाला. अपील एकोणपन्नासाव्या दिवशी दाखल झालं, पोच मिळाली. पोचेची झेरॉक्स आजोबांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.